मागून आणलेली गाडी

आमचे जीवराम नाना कधी कोणाकडून काही मागून आणत नसत. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका, तो त्यांचा आजार होता. घरात साखर संपली तर बिनसाखरेचा चहा प्यायचा, पण शेजारी वाटी घेऊन जायचं नाही. एकदा बेबाकाकूनं विरजणाला शेजारून चमचाभर दही आणलं, तर नाना त्या दिवशी ताक प्याले नाहीत.

नाना माझे थोरले काका. माझे वडील लवकर गेले, तेव्हा मला वाढवलं ते नाना आणि बेबाकाकूनंच. असोद्याहून शिलाईचं मशीन बैलगाडीत घालून ते जळगावला आले आणि इंदरचंद शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर बसले, ते कायमचे. गिऱ्हाइकानं आत कापड फाडून घ्यायचं आणि बाहेर येऊन नानांना माप द्यायचं, असा तो शिरस्ता होता.

हा आजार त्यांना धंद्यातूनच जडला असावा. लग्नसराई आली की लोक त्यांच्याकडे कोट घेऊन येत. कोट कुणाचा, घालणार कोण! नाना तो कोट पाठीतून आणि काखेतून आत घेत, कच्चा टाका मारून देत, म्हणजे लग्न उरकलं की उसवून मालकाला जसाच्या तसा परत. गावातल्या किती नवरदेवांच्या आणि वरबापांच्या अंगावर परका कोट होता, हे नाना आणि देव दोघांनाच ठाऊक. नानांनी कधी कुणाचं नाव काढलं नाही. पण कोट घेऊन येणाऱ्या माणसाचा आवाज कसा खाली येतो, तो ओट्यावर इकडेतिकडे कसा बघतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनात बसलं होतं.

शिवाय नाना भित्रे होते. पोस्टमननं नाव घेऊन हाक मारली तरी ओठांतल्या टाचण्या खाली पडत. पोलिसाच्या गणवेशाचं माप घ्यायची वेळ आली की त्यांचा हात असा कापायचा की पोलीसच म्हणायचा, "नाना, सावकाश. मी पकडायला नाही आलो."

तर असा माणूस, आणि माझं लग्न ठरलं. सदुसष्ट साल. मी पाचोऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नुकताच चिकटलो होतो. मुलगी धुळ्याची, कौतिक नावाची. तिचे वडील लोटन आप्पा सरकारी कचेरीत कारकून. बारीक अंगाचा, ताठ मानेचा माणूस. बोलण्यात थट्टा आणि थट्टेत टाचणी.

वऱ्हाड नेहमीप्रमाणे ट्रकमधून जाणार होतं. पण शेठच्या घरात त्या वर्षी क्रीम रंगाची अँबेसेडर आली होती आणि शेठच्या आई चंदनबाई म्हणाल्या, "या पोराची पहिली कुंची आपल्याच दुकानाच्या कापडाची होती. नवरदेव आपल्या गाडीतून जाईल." नानांनी हात जोडले, नको म्हणाले, निदान पेट्रोलचे पैसे तरी घ्या म्हणाले. शेठ चिडलेच. "लग्नाच्या गाडीचे पैसे घेऊ? घरी आई उभं करील का मला?" पेट्रोल भरलं शेठनी. ड्रायव्हर नासीर, तोही शेठचा. आमच्याकडून एक पैसा गेला नाही. चंदनबाईंना नाही म्हणण्याची छाती नानांना नव्हती, आणि हो म्हणून झोपण्याचीही नव्हती.

धुळ्यात मारुतीच्या पाराजवळ गाडी थांबली. झेंडूच्या माळांनी ती इतकी मढवली होती की नासीरला पुढचं जेमतेम दिसत होतं. आप्पा सामोरे आले. वैशाखातलं ऊन आणि अंगात काळाभोर कोट. घाम निथळत होता, पण कोटाचं एक बटण सुटलेलं नव्हतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सगळ्या मंडळींसमोर हसून विचारलं, "काय व्याही, गाडी कोनी शे? मांगी आनी का?"

मंडळी हसली. व्याह्याव्याह्यांत एवढी थट्टा चालते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आमच्या शेठची आहे, आणि विषय तिथंच संपला असता. पण नानांचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला.

"मागून आनाची आमच्या घरात रीत नाही," नाना म्हणाले. "भाड्यानं आणली. रोख मोजून."

नासीरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मुंडावळ्यांआड तोंड लपवलं. मला हसू येत होतं, हे कबूल करायला काय हरकत आहे? नाना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि ते त्यांना मुळीच जमत नव्हतं. पंगतीत कुणी विचारलं, भाडं किती पडलं? नानांनी एक आकडा सांगितला. पुढच्या पंगतीत तो वाढला होता.

संध्याकाळी आम्ही निघालो. गल्ली अरुंद, बायका रडतायत, पोरं गाडीला लोंबकळतायत. नासीर गाडी मागे घेत होता आणि मागून शकील नावाचा एक जण सायकलवरून यंत्रमागावरच्या कामावरून घरी येत होता. गाडीचा धक्का म्हणावा तर नुसता लागला. पण सायकल कलंडली, शकील एका घराच्या पायरीवर आदळला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. गाडीचा मागचा लाल दिवा फुटला, तेवढंच. नासीरनं त्याला उचललं आणि सरळ गाडीत, आमच्या शेजारी आणून बसवलं. संसाराचा पहिला प्रवास मी असा केला: एका बाजूला रडणारी कौतिक, दुसऱ्या बाजूला कण्हणारा शकील, आणि गाडी चालली सरकारी दवाखान्याकडे.

पोलिसांनी नाव-गाव लिहून घेतलं. नाना पुढच्या सीटवरून हललेच नाहीत. जळगावला आल्यावर सांगितलं तर शेठ मात्र शांत होते. "गाडीचा विमा आहे, जीवरामभाऊ. त्या पोराचं जे काही असेल ते कंपनी भरेल. तुम्ही कशाला घाबरता?"

नाना घाबरायचे थोडे कमी झाले. सून घरात आली होती, काकूला हाताशी माणूस मिळालं होतं. तिकडे शकीलचा हात प्लास्टरमध्ये होता. मागावर तुटलेला धागा सांधायचा तर दोन्ही हातांची बोटं लागतात, आणि घरात तो आणि म्हातारी आई ताजबी. त्यानं धुळ्याच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला, आणि ते बरोबरच होतं. मग विमा कंपनीनं चौकशीला मुंबईचे एक साहेब पाठवले.

ते साहेब आधी धुळ्याला गेले. जळगावला आले असते तर बरं झालं असतं.

मी त्या दिवशी रजेवर होतो, नानांना डबा द्यायला ओट्यावर गेलो होतो. शेठ आतून स्वतः उठून बाहेर आले. शेठ कधी गादीवरून उठत नसत. ते नानांसमोर उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "जीवरामभाऊ, मी तुमच्याकडून गाडीचे पैसे घेतले का?"

"नाही शेठ."

"मग तुमच्या व्याह्यांनी साहेबांना काय सांगितलं? गाडी भाड्याची होती. नवरदेवाच्या काकांनी स्वतः सांगितलं, साऱ्या वऱ्हाडानं ऐकलं."

नानांच्या ओठांतल्या टाचण्या पडल्या, एकामागून एक, मशीनच्या फळीवर. ते वाकून त्या वेचायला लागले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

शेठनी मलाच समजावून सांगितलं. विमा घरच्या वापरापुरता. मालकानं गाडी भाड्यानं दिली असं ठरलं तर कंपनी हात वर करणार. मग शकीलची सगळी भरपाई शेठच्या डोक्यावर. शिवाय परवाना नसताना भाड्याची गाडी चालवली म्हणून शेठवर खटला, तो वेगळाच. "बाजारात आमच्या घराण्याचं नाव आहे," शेठ म्हणाले. "मी लग्नाला गाडी दिली आणि वर भाडं घेतलं, असं लोक म्हणतील." ते रागावून बोलले असते तर नानांना बरं वाटलं असतं. ते नुसतं विचारत होते, "तुम्ही असं का सांगितलं?" आणि नानांकडे त्याचं उत्तर होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नाना जेवायला बसत आणि घास हातात धरून दाराकडे बघत राहत. रस्त्यात खाकी कपडा दिसला की मशीन थांबे. एका सदऱ्याला त्यांनी उजवी बाही डावीकडे लावली. नानांनी! काकू म्हणाली, ताप आलाय. ताप नव्हता. भीती होती, आणि ती दोन्ही बाजूंनी होती. खरं सांगावं तर धुळ्यात सगळ्यांसमोर नाक कापलं जाणार: मागून आणलेल्या गाडीतून आले आणि वर भाड्याच्या फुशारक्या मारल्या. खरं सांगूनही साहेबांनी विश्वास ठेवला नाही तर? खोट्या जबाबासाठी तुरुंगात घालतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आणि गप्प बसावं तर ज्या माणसाच्या ओट्यावर जन्म गेला तो बुडणार.

मला आप्पांचा भयंकर राग आला होता. मी कौतिकला म्हणालो, "तुझ्या बापाला तोंड आवरता आलं नाही."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या बापानं ऐकलं तेच सांगितलं. खोटं कोण बोललं?"



शेवटी नानाच म्हणाले, "मले धुळ्याले घेऊन चल." शेठनी साहेबांना निरोप पाठवून रविवार ठरवून घेतला होता. त्या दिवशी आप्पांच्या घरी साहेब पुन्हा येणार होते, शकीलचा हातही बघणार होते. भाद्रपद चालू होता, पाऊस उघडून ऊन चटचटत होतं. नाना, मी आणि कौतिक एस.टी.नं निघालो. एरंडोल गेलं. पारोळ्याला गाडी थांबली तर नाना म्हणाले, "मी इथंच उतरतो. तूच सांग त्याहिले." मी त्यांचा दंड धरून ठेवला. दंड गार होता, एवढ्या उन्हात. त्यांची मला इतकी कीव आली की राग आला.

आप्पांच्या ओसरीवर साहेब खुर्चीत बसले होते. पँट-बुशशर्ट, चष्मा, मांडीवर कागद. पायरीवर शकील बसला होता. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट सुजलेलं आणि वाकडं दिसत होतं. त्याची आई ताजबी त्याच्या मागे, डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटून. गल्लीतली माणसं नेहमीप्रमाणे काही काम नसताना दारात उभी होती. आप्पा खांबाला टेकून, ताठ.

नाना उभे राहिले. साहेबांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांचा आवाज कोट मागायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा खाली आला होता.

"साहेब, गाडी भाड्याची नव्हती. मी खोटं बोललो. गाडी... मागून आणली होती."

गल्लीत कुणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत.

साहेबांनी चष्मा काढला. "हे आज आठवलं? शेठनं शिकवून पाठवलं का?"

"नाही साहेब."

"हे बघा काका, मी रोज माणसं बघतो. माणूस खोटं बोलतो ते पैसे वाचवायला. खर्च न करता खर्च केला म्हणून कोण सांगेल? आणि नुसतं सांगितलं नाही, पंगतीत आकडाही सांगितला. इथं साक्षीदार आहेत. मग मी कुठलं खरं धरू? तेव्हाचं की आताचं? सही करताय, तर विचार करून करा. खोटा जबाब दिलात तर परिणाम होतील."

नानांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.  मी पुढे झालो, म्हणालो, मी साक्षीला आहे. साहेब म्हणाले, तुम्ही घरचे. नासीर? तो शेठचा नोकर. शेठ? ते तर गाडीचे मालक. खरं सांगणारी सगळी माणसं त्यांच्या हिशेबी निकामी होती. ताजबीनं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. तिला मराठी पुरती कळत नसेल, पण काहीतरी हातचं निसटतंय हे कळत होतं. मला तर तेव्हा वाटलं की नाना आता खाली बसतील आणि पुन्हा उठणार नाहीत.

आप्पा खांबापासून दूर झाले, पायरी उतरले आणि समोरच्या देवरे वकिलांच्या घरात शिरले. साहेबांनाही कळेना काय चाललंय. आप्पा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातावर काळा कोट होता. गल्लीच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून, ते तो घेऊन आले आणि साहेबांच्या मांडीवरच्या कागदांवर ठेवला.

"हाऊ कोट मना नही," आप्पा म्हणाले. मग साहेबांसाठी शुद्ध मराठीत, कचेरीत बोलतात तसं. "हा कोट माझा नाही. पोरीच्या लग्नात मी घातला होता. वकीलसाहेबांचा आहे. मंडपात सगळ्यांना मी सांगितलं, नाशिकला शिवून घेतला. शिलाई किती, कापड किती, तेही सांगितलं. आणि हा कोट अंगात घालून मी यांना विचारलं, गाडी मागून आणली का."

कौतिक दारात उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

"खर्च न करता खर्च केला म्हणून कोण सांगेल, विचारत होतात ना, साहेब," आप्पा म्हणाले. "मी सांगितलं. आणि यांनीही."

देवरे वकील चांगले जाडजूड गृहस्थ. तो कोट आप्पांना होणं शक्य नव्हतं. साहेबांनी तो वर धरून पाहिला, मग आप्पांकडे पाहिलं. "हा तुम्हाला बसला कसा?"

तेव्हा नाना पुढे आले. त्यांनी कोट हातात घेतला, आणि देवाशपथ सांगतो, त्यांचे हात कापायचे थांबले. त्यांनी अस्तर उलटं केलं, पाठीची शिवण अंगठ्यानं दाबून धरली आणि सुईच्या भोकांची रांग साहेबांना दाखवली. "इथून आत घेतला होता. काखेतूनही. कच्चा टाका हाये, उसवला की जातो. भोकं राहतात बरेच दिवस." काखेत पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा राहून गेला होता. नानांनी तो नखानं काढला आणि सवयीनं स्वतःच्या टोपीत खोचला.

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहायला लागले. नानांचा जबाब, खाली आप्पांचा. आप्पांनी सही केली. नानांनीही केली, कचेरीतल्यासारखी वळणदार नाही, पण सरळ.

ताजबीनं विचारलं, "साहब, मतलब क्या हुआ?"

"भाडे की गाड़ी नहीं थी, अम्मा," साहेब म्हणाले. "मैं यही लिखूँगा. कंपनी देगी."

कंपनीनं पुढं दिलंही, कोर्टाच्या हुकुमानं, थोडी काचकूच करून. शकीलचं मनगट वाकडंच राहिलं, पण तो पुन्हा मागावर बसायला लागला.

निघताना आप्पा दारापर्यंत आले. दोघा व्याह्यांना एकमेकांकडे बघता येईना. आप्पांनी खुंटीवरची छत्री काढली आणि पुढे केली. "ऊन शे. लई जा."

नाना छत्रीकडे बघत राहिले. साधी काळी छत्री, बांबूच्या दांड्याची. मला वाटलं, आता म्हणतील, नको, आमच्या घरात रीत नाही. त्यांनी ती घेतली.

स्टँडवर मी विचारलं, "नाना, तो कोट परका आहे हे तुम्हाला मारुतीच्या पारावरच दिसलं असेल."

"काखेत टाका दिसत होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं? त्यांचंच तोंड बंद झालं असतं."

नाना माझ्यावर जवळजवळ ओरडले. "पोरीचा बाप होता तो! मांडवात!" मग गाडी आली आणि आम्ही चढलो.

जळगावला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं, छत्रीची काही गरज नव्हती. तरी नानांनी ती उघडली आणि उघडी धरूनच ते बाजारातून दुकानापर्यंत गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. गादीवरून इंदरचंद शेठनी आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभराची काळजी होती, पण धुळ्याला काय झालं, हे एवढ्या लोकांत ते कसं विचारणार? म्हणून ते म्हणाले, "काय जीवरामभाऊ, छत्री नवी घेतली?"

"नाही शेठ," नाना म्हणाले, इतक्या मोठ्यानं की कापड बघणारी माणसं वळली. "व्याह्यांची हाये. मागून आणली."